मधूच्या राज्यातलं पाणी

खेळ रचावा तर आमच्या मधूनं, हे मी आजही भांडून सांगेन. कॉलेजात असताना आम्ही राजापेठेत एका खोलीत राहायचो. रविवारी दुपारी मधू राक्षसांचं राज्य उभं करायचा आणि आम्ही त्यातले वीर व्हायचो. कवड्या टाकायच्या, दान पडेल तसं लढायचं, नाहीतर मरायचं. नियम सगळे मधूचे. भातकुलीकडच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा तो, हुकूम सोडायची सवयच!

एकदा वर्गातला गौतम खेळायला आला. त्याच्या घरचे नुकतेच बौद्ध झाले होते. गावची विहीर मात्र त्यांना अजून बंदच होती. त्याचा वीर जंगल तुडवून एका गावाशी पोचला, तर त्यानं विचारलं, "पानी कुठं प्यावं?"

मधू वैतागला. "अबे, पान्याचा काय नियम असते? दिसली विहीर का पिऊन घ्याचं! टाक कवड्या."

गौतमनं कवड्या मुठीतच धरल्या. "कोनीबी? कोनत्याबी विहिरीवर?"

 मधू हळूच म्हणाला, "हो. या राज्यात."

"मंग राक्षस-बिक्षस काही मारत नाई मी," गौतम म्हणाला. "मले इथंच राहू दे."