निळं चित्र

प्रदर्शनाच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या.

"आई, ते समोरचं मोठं निळं चित्र माझं."

"छान आहे गं. भिंतीला तडे गेलेत का?"

"भिंत कसली! तुझ्या टाचेच्या भेगा आहेत. फोटो कॉम्प्युटरवर ताणला, रंग बदलले."

"माझी टाच? फोटो कधी काढलास?"

"तू भांडी घासत होतीस तेव्हा. मागे गुडघ्यांवर बसले होते. काय सुंदर उजेड पडला होता!"

"एवढी जवळ आलीस, तर चार भांडी विसळायचीस."

"तोवर उजेड गेला असता ना!"

"त्या दिवशी भेगेतून रक्त येत होतं गं."

"हो, दिसलं ना. निळ्यात तो लाल ठिपका फार खटकत होता. पुसून टाकला."