रसायन विभागाचं बर्फाचं यंत्र

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे संचालक आणि पाहुणे, माझे सर्व सहकारी, आणि पहिल्या रांगेत डोळे वटारून बसलेली माझी धाकटी बहीण,

"थोडक्यात आटप," असं तिने बजावलंय. प्रयत्न करते.

मानपत्रातल्या एका वाक्याला आपण टाळ्या दिल्यात: मी धडपड करून रसायन विभागाला स्वतंत्र बर्फाचं यंत्र मिळवून दिलं. खरं आहे. त्याबद्दल थोडं बोलले तर चालेल ना?

माझं आयुष्य स्वादुपिंडात गेलं. कुठलं एन्झाइम त्याच्या डोक्याकडे जास्त, कुठलं शेपटीकडे, एवढंच मोजलं. हा अवयव बर्फात ठेवला नाही, तर आपल्याच रसात स्वतःला पचवून टाकतो. म्हणून इमारतीतलं एकुलतं एक यंत्र तेव्हा माझ्या खोलीत होतं. दोन मजले खाली एक रसायनवाले फॉस्फीन या फॉस्फरसच्या संयुगांवर काम करायचे. अंगाला सडक्या लसणाचा वास. कॅन्टीनमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसेना. रोज अकराला डबा घेऊन माझ्या दारात हजर. "मॅडम, थोडा बर्फ मिळेल?" मी भरून द्यायचे, मग पंधरा मिनिटं गप्पा. अशी तीन वर्षं. एवढ्या बर्फाचं ते काय करतात, हे मी कधी विचारलं नाही. पावणेअकरापासून वाट मात्र पाहायचे.

एकदा ते जिना चढून धापा टाकत आले. माझा जीव कळवळला. त्याच दुपारी मी अर्ज केला. यंत्र मंजूर झालं, तेव्हा सांगायला धावत खाली गेले. ते म्हणाले, "बरं झालं. आता तुम्हाला त्रास नाही." पुन्हा वर आले नाहीत. वर्षभरात नोकरी बदलून गेले.

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना त्यांनी जाताना शिपायाहाती पाठवलेला प्रबंध सापडला. एकतीस वर्षं उघडला नव्हता. फॉस्फरसमधलं मला काय कळणार? प्रत्येक प्रयोग एकशे दहा अंशांवर, उकळत्या टोल्युइनमध्ये. गार करायला नळाचं पाणी. दोनशे सोळा पानं चाळली. बर्फ कुठेच नाही.

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, तुला डॉक्टरेट दिली कुणी गं?"

हसा, मीही हसले. मला ते फार आठवतात. अजून अकरा वाजले की मान दाराकडे वळते, आणि उद्यापासून ते दारही माझं नाही.

आपण एवढं प्रेम दिलंत, मनापासून आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल ते पदरात घ्या. तो अर्ज करण्याची चूक मात्र माझी, तिचं माझं मी बघेन. अध्यक्षांना एक विनंती: खालचं यंत्र आता जुनं झालंय. बंद पडलं तर दुरुस्तीची घाई करू नका. थोडे दिवस रसायनवाल्यांना बर्फासाठी वर येऊ द्या.