गुपचूप नेलेलं माप

"तिला विचारूच नको. विचारलं की नको म्हणंल. कपाटातून गुपचूप तिचा एक ब्लाउज काढ, मापाला." सासूबाई माझ्या नणंदेला, स्नेहलला सांगत होत्या आणि मी चहाचे कप घेऊन दाराबाहेर उभी. लग्नाला जेमतेम महिना झालेला. आल्या पावली परत फिरले.

स्नेहलनं उचलला तो नेमका माझा रेडीमेड ब्लाउज. खांद्याला ढगळ, पाठीत सैल. सेफ्टी पिना लावून मी त्याच्यावर वेळ मारून न्यायचे. पण सांगावं तर चोरून ऐकल्याचं कळणार, म्हणून गप्प बसले.

सासूबाईंनी जपून ठेवलेलं हिमरूचं भारी विणीचं कापड औरंगपुऱ्यातल्या टेलर मास्टरकडं गेलं. बाह्यांवर हातानं जरीकाम झालं. माझ्या वाढदिवसाला त्यांनी ब्लाउज पुढं केला. "रेडीमेडचं काय, ते कुणाच्याबी अंगाला. हा बघ, फक्त तुझ्यासाठी शिवलाय!"

घालून बाहेर आले, तर खांदा घसरून कोपराकडं निघालेला. मास्टरनं मापाच्या ब्लाउजचा ढगळपणासुद्धा इमानदारीनं शिवला होता.

सासूबाईंचा चेहरा पडला. "एवढा जुना मास्टर, अन् माझ्या सुनेच्या कापडाची माती केली! थांब, आत्ताच जाऊन धरते त्याला." चपलासुद्धा घातल्या त्यांनी.

आता गप्प राहिले असते तर त्या बिचाऱ्याची खैर नव्हती. मी म्हणाले, "आई, मास्टरची काही चूक नाही. पुढच्या वेळी चोरी करताना तेवढा कपाटातला वरचा खण उघडा. अंगाला बसणारे ब्लाउज तिथं असतात."