गिरणीची इर्जिक

हॅलो? … हां, बोला. … न्हाईत, मालक परवाच सेलूला गेलेत. ट्रॅक्टरमधी कापूस घेऊन. तिथली रांग हलंना म्हणं. … कोण, संस्थेचे साहेब का? परभणीहून? … नमस्कार साहेब, मी त्यांच्या घरातनं बोलते. … ऊं? … आवो, महिला मंडळाची अध्यक्षीण मीच की. तानुबाई. … हो, हो, तीच. आंगठा घेतला होता तुमी माझा. मला सही येत होती, पर शाईचा डबा तुमीच पुढं केला.

… उद्या? गोरे पाहुणे उद्या यायलेत? … या की. त्यांच्याच पैशाची पिठाची गिरणी हाय, बघू द्या. … बायका नटून थांबवायच्या? … अन् काय म्हणायचं? … "गिरणी आमची हाय." … बरं. एकदा म्हणायचं का दोनदा?

… न्हाई हो, चेष्टा कशाची. … ऐका ना साहेब. एक बारकी गोष्ट सांगायची राहिली. गिरणी आता आमच्या आवारात न्हाई. … हॅलो? … हायेत का?

… चोरीला कशाला जाईल? इंजिन, दगड, पट्टा, सगळं शाबूत हाय. तिकडं बौद्धवाड्याजवळ, समाजमंदिराच्या बाजूला चालू हाय. … बायकांनी नेली. … आवो, तुमीच न्हाई का बैठकीत म्हणलात, गिरणी तुमची, तुमीच चालवा, तुमीच ठरवा? टाळ्याबी वाजवायला लावल्या. अन् किल्ली आमच्या मालकाच्या हातात देऊन जीपमधी बसलात.

… मग काय. मालकाची मर्जी असली तर चालू, न्हाईतर बंद. आधी सोयऱ्याधायऱ्यांचं दळण. बौद्धवाड्यातल्या बायकांनी पाट्या फाटकाबाहेर ठेवायच्या अन् बसायचं ताटकळत. त्या पुन्हा जात्यावर बसल्या साहेब. माझ्याच दारात, माझ्याच नावाची गिरणी, अन् मी खिडकीतून बघायची. लाज वाटायची. खरंच वाटायची.

… सांगते की कशी नेली. बौद्धवाड्यातल्या दगडाबाईनं इर्जिक घातली. … इर्जिक मालूम न्हाई? अन् लोकसहभाग शिकवायला येता आमाला? … आवो, एकाचं काम अडलं की त्यानं सांगावा धाडायचा. गावानं बैलं, गाड्या, माणसं घेऊन जायचं. काम उरकायचं, अन् ज्याची इर्जिक त्यानं जेवू घालायचं. इर्जिकीला कुणी ना म्हणत न्हाई. काम कोणतं, तेबी आधी इचारीत न्हाई.

… आले की सगळे. आमच्या मालकानीबी बैलजोडी दिली. … मग काय तर. जाताना मी कानावर घातलं, दगडाबाईची इर्जिक हाय. म्हणले, "आपली जोडी गेली पाहिजे, इज्जतीचा सवाल हाय." अन् गेले सेलूला. काल त्यांच्याच बैलांनी इंजिन वढलं. … हो, मी होते ना. पिठलं मीच वाढलं.

… रागावतील. रागावू द्या. चार दिवस बोलायचे न्हाईत, तेवढाच मला आराम.

… काय म्हणलात? … परत आणायची? उद्यापुरती? … फोटोसाठी? … आवो, तुमी रंगवलेली पाटी हाय ना आमच्या भिंतीवर, तिचा काढा फोटो. … न्हाई, मी कसा हुकूम देणार? लोकांनी ठरवायचं, हे तुमचंच भाषण. … हो, हो, तुमची नोकरी हाय, कळायलंय मला. …

बरं, रडू नका, एक उपाय सांगते. तुमीच इर्जिक घाला. गावात सांगावा धाडा, जेवणाचा इंतजाम करा, अन् फाटकाबाहेर बसा ताटकळत. … कोण कोण येतंय, ते मीबी बघते.

… ठेवते साहेब. दळण घेऊन निघायचंय, नंबर जाईल. … अध्यक्षीण असली म्हणून काय झालं? मालक तिकडं कापसाच्या रांगेत, मी इकडं दळणाच्या. … हो, पाहुण्यांना अवश्य आणा. म्हणावं, येताना पाटीभर जवारी घेऊन या, अन् मागं उभं राहा.