परीक्षकाच्या पोटातलं मेण

चहा घ्या, पण आमच्या वैशूच्या तोंडी परीक्षेचं ऐकल्याशिवाय उठू नका. पोरगी वर्ध्याले बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करत होती. मी हौसेनं समुद्रपूरहून शेतातलं मधाचं पोळं डब्यात घेऊन गेलतो. पुण्याहून आलेल्या परीक्षक सरांनी परीक्षेआधीच त्याचा मोठा तुकडा तोंडात टाकला. आपल्या इकडे मध चोखून मेण थुकतात हे शेंबड्या पोरालेही ठाऊक असते, म्हणून मी काही सांगितलं नाई. सरांनी सगळंच गिळलं.

माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"मेण थुकून द्या लागते, सर."

सर पोटावर हात ठेवून वैशूकडे वळले. "हाच पहिला प्रश्न. आता माझ्या पोटात काय होणार?"

मले वाटलं, पोरीचं वर्ष मीच बुडवलं.

वैशू शांतपणे बोलली. "मेण आतड्यात थोडंसंच फुटेल, सर. त्यातून फॅटी ॲसिड आणि फॅटी अल्कोहोल निघेल. जेवढं अल्कोहोल शोषलं जाईल, त्याचं बहुतेक आतड्याच्या भिंतीतच फॅटी ॲसिड होईल. ते तुपातेलासारखं अंगी लागेल. उरलेलं मेण सकाळी बाहेर पडेल."

"नक्की?"

"लहानपणी मीही गिळलंय, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता सरांचा मले फोन आला. मी साऱ्या घराले बोलावून स्पीकर चालू केला.

"अभिनंदन," सर म्हणाले. "तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर निघालं."