माझ्याच नावाचे मेलेले

...नाही, मला सांगा, बारशाच्या वेळी घरच्यांनी जरा विचार करायला नको होता? मला नाव ठेवलं आजोबांचं. आडनाव तर तेच. आणि ते इतकं सर्रास, की बाजारात कोणी हाक मारली तर अर्धा रस्ता मागे वळतो! बरं, हे आजोबा आत्या लहान असतानाच 'कामाला जातो' म्हणून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. आत्या आता अंथरुणाला खिळलीय. एकदा माझा हात धरून म्हणाली, "जुन्या पेपरांत बघ ना रे. कुठेतरी छापून आलं असेल. डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, तेवढी खूण." आता बातमीत कानाची पाळी कोण छापतं? पण नाही म्हणवेना.

गेलो वाचनालयाच्या तळघरात. पेपरांचे बांधलेले गठ्ठे पार छताला टेकलेले, वर एकच ट्यूब, तीही लुकलुकणारी, आणि टेबलामागे नाकाला रुमाल बांधलेले एक गृहस्थ. म्हणाले, कोणाचं नाव शोधायचंय? सांगितलं. आणि तुमचं? तेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी नकळत स्वतःची नाडी चाचपली.

आणि तुम्हाला सांगतो, नाव सापडतं हो, माणूस सापडत नाही! पहिल्याच गठ्ठ्यात सापडलो. विहिरीत. मग परांचीवरून कोसळलो, मग दारू पिऊन रुळांवर झोपलो, मग सासऱ्यानेच विष घातलं... माझ्या नावाचा एकही माणूस साध्या तापाने जाईना! साधा गेला तर पेपरात कशाला येईल, हे कळतं हो मला, पण कळून काय उपयोग? रस्ता ओलांडायची धास्ती बसली. सासऱ्यांकडे जेवायला जायचं टाळलं, बायको अजून धड बोलत नाही. आणि ते रुमालवाले, मी गेलो की मान वर न करता विचारायचे, "काल कसे गेलात?"

"बॉयलर फुटला."

"वाईट झालं," म्हणायचे, आणि पुढचा गठ्ठा सरकवायचे.

घरी येऊन हे सगळं आत्याला वाचून दाखवायचं. ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "हे नव्हेत." विहीर? त्यांना पोहता येत होतं. दारू? त्यांना वाससुद्धा सहन व्हायचा नाही. हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला, मेलेला कुठलाच माणूस तिला चालणार नव्हता. नाव सापडतं, माणूस सापडत नाही... आणि सापडावा असं तरी कोणाला वाटत होतं?

पेपर संपले, मासिकं निघाली. त्यातल्या एकात 'आदर्श कुटुंब' स्पर्धेचा निकाल, पहिल्या नंबराचा फोटो, आणि खाली माझं नाव! खुर्चीत हसरा माणूस, शेजारी कोणी अनोळखी बाई, पुढे मुलं बसलेली. डाव्या कानाची पाळी फाटलेली. अंकाचं साल बघितलं. त्या काळात आमची आजी दाराला कडी न लावता झोपायची, न जाणो आले तर म्हणून... मुलांची नावं वाचली. थोरल्या मुलीचं नाव, आत्याचं.

रुमालवाल्यांनी वाकून बघितलं. आणि नाकावरचा रुमाल खाली घेतला.

बायको म्हणाली, म्हातारीला हे दाखवू नका. मीही तेच ठरवून गेलो होतो. पण आत्याने माझं तोंड बघितलं आणि हात पुढे केला. माझ्या खिशातली त्या पानाची झेरॉक्स डोळ्यांजवळ धरून बघत राहिली. मी मनात म्हणतोय, म्हण गं बाई, 'हे नव्हेत' म्हण, आजच्या दिवस म्हण...

"माझं नाव विसरले नाहीत," ती म्हणाली. मग त्या मुलीच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. "बहीणच की रे माझी. असेल अजून. शोध तिला."

आता काय करू, सांगा! आत्याचं नाव माझ्या नावापेक्षाही सर्रास, त्यात लग्न होऊन आडनाव बदललेलं... रुमालवाल्यांना लग्नाच्या बातम्यांची पानं काढून ठेवायला सांगितलीत. निदान तिथे तरी कोणी मरत नाही. म्हणजे, लगेच नाही.