पहिल्या रांगेतली खुर्ची

अहो मॅडम, असं काय बघताय? मी काही भलतं बोललो का? तुम्ही विचारलंत, आई आहेत का घरात, मी म्हटलं पोरीच्या आईला जाऊन वर्ष होऊन गेलं, मी तिचा बाप, काय काम असेल ते मला सांगा — एवढंच ना? बसा आधी. त्या खुर्चीवर नको! तिच्या स्प्रिंगा काढल्यात, बसलात तर थेट जमिनीवर. हे स्टूल घ्या. पाणी प्या, पांढऱ्या पडलात तुम्ही. मला वाटलं सोफ्याच्या कव्हराचं विचारायला आलात. कव्हरासाठी येणाऱ्या बायका अजून तिच्या आईलाच विचारतात — कापड निवडायचं, मापं घ्यायची, शिवायचं, सगळं तिचं. मी नुसता ठोकणारा. दुकान नि घर एकच आमचं, त्यामुळे काथ्या, फोम सगळा असा पायात येतो, सांभाळून.

काय म्हणालात? विद्यापीठातून? वाचन-लेखन क्षमता चाचणी — तो विभाग?

अस्सं.

मग मी दारात काय बोलून बसलो ते आत्ता कळलं मला. थांबा. मी तिचा काका आहे असं म्हटलं तर — नाही, गेलं ते. मला खोटं बोलायचं तर आधी तयारी लागते, आयत्या वेळी जमत नाही. आणि आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? हो मॅडम, मीच तो. तुमच्या त्या निबंधातला. मेलेला. बरा दिसतोय ना मेल्याच्या मानानं? हसा, हसा. मी हसलो होतो. तिनं मला रीतसर विचारून मारलंय, चोरून नाही. ह्याच खोलीत. मी एका आरामखुर्चीचं कापड ताणत होतो, तोंडात खिळे — आमच्या कामात खिळे तोंडातच धरावे लागतात, एक हात कापडाला, एक हातोडीला, तिसरा देवानं दिला नाही — तर ती त्या उंबऱ्यात उभी राहिली नि म्हणाली, "बाबा, चाचणीत तुम्हाला मारलं तर चालेल का?" मी मान डोलावली. तोंडात खिळे असताना माणूस दुसरं काय करणार?

नाही, मला थट्टा करायची नाहीये. तुम्ही चांगल्या बाई दिसता. पण आलाच आहात तर ऐकून जा. चार वर्षं पोरगी पाण्याची परीक्षा करायला शिकली — नदीचं, विहिरीचं, नळाचं, कुठल्या पाण्यात काय विष आहे ते थेंबावरून सांगते. सगळे विषय पास. प्रयोगशाळेत जागा धरून ठेवलीय तिच्यासाठी, पदवी आणा नि रुजू व्हा म्हणाले. आणि हत्ती गेला नि शेपूट राहिलं — तुमची चाचणी. सगळ्यांना सक्तीची, डॉक्टर होवो की पूल बांधणारा होवो. बरोबर आहे, लिहिता-वाचता आलंच पाहिजे, मी कुठे नाही म्हणतो? पहिल्या वेळी तुम्ही विचारलंत, शहरात झाडं असावीत का, आपलं मत मांडा. तिनं लिहिलं, असावीत, आणि कारणं दिली, चार ओळींत. नापास. मी म्हटलं, अगं चारच ओळी? तर म्हणते, बाबा, चारच कारणं होती. — ही तिच्या आईची सवय. कापड किती लागेल विचारलं की अर्धा हातसुद्धा जास्त सांगायची नाही.

दुसऱ्या वेळेला तिची आई नुकतीच गेली होती. घरात अजून दवाखान्याच्या पिशव्या तशाच पडलेल्या. मी म्हटलं, ह्या वेळी नको बसू. तर म्हणाली, आईला सांगितलंय मी, की ह्या खेपेला सुटेन. गेली. आणि तुमचा प्रश्न काय? "जिवलग व्यक्तीच्या जाण्याने तुम्हाला काय शिकवले?" — बघा, तुम्हाला आठवतोय प्रश्न. तुम्हीच काढला होतात का? नाही, नाही सांगितलंत तरी चालेल. ती पूर्ण वेळ बसून राहिली आणि कोरा कागद देऊन आली. निकाल आला, "लेखनक्षमता अपुरी." आता मी काही शिकलेला नाही फार, पण मॅडम, तो कोरा कागद तुमच्यापैकी कुणाला वाचता आला नाही, तर त्या अपुरेपणाचा निकाल कुठे लावायचा? कुठल्या खिडकीवर मिळतो तो?

तिसऱ्या वेळी भीतीनंच नापास झाली, ते सोडा. मग शिकवणी लावली. तिथला मास्तर, पोरं त्याला परिच्छेद मास्तर म्हणतात — पहिल्या परिच्छेदात मत, मधल्या तिघांत उदाहरणं, शेवटी तेच मत पुन्हा, पण डोळे ओले करून. त्यानं विचारलं, घरात कुणी गेलंय का? ही म्हणाली, आई. तर म्हणतो, मग सोनं आहे तुझ्या हातात, वापर की! वापर. जणू घरात लोखंडी कपाट पडून आहे. ती घरी आली नि बेसिनपाशी ओकली. म्हणाली, तिला नाही विकणार मी. मग तिसऱ्या दिवशी त्या उंबऱ्यात येऊन मला विचारलं. मी म्हटलं — म्हणजे खिळे काढून ठेवल्यावर म्हटलं — खुशाल मार. माझ्यावर खपतंय तर खपव. जुना माल आहे, पण तेवढे गुण येतील.

आले ना गुण? सहापैकी सहा? दोघांनी वेगवेगळे तपासून दोघांचेही सहा? हं. जिवंतपणी मला एवढे कुणी दिले नाहीत.

मग आता काय राहिलंय? पदवीदानाला वाचून दाखवणार? सगळ्या सभागृहासमोर? — चांगलं आहे की, मान आहे, म्हणजे मान असता — पण मग तुम्ही तिच्या आईला कशाला विचारत आलात? आमंत्रण? तिच्या आईला? पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवलीय — कुणासाठी म्हणालात?

मॅडम, तुमची काहीतरी गफलत होतेय. मेलेला मी आहे. ती नाही — म्हणजे ती आहेच, पण त्यात — त्यात ती काय करतेय? मी वाचला नाही तो. चाचणीचा कागद बाहेर कुठे मिळतो, आणि मी मागितलाही नसता. माझं मरण मी कशाला वाचू? आणलाय का तुम्ही? द्या इकडे. हाताला गोंद आहे, पण सुकलेला, डाग नाही पडणार. चष्मा — हा काय, कपाळावरच आहे.

"माझे बाबा खिळे तोंडात धरून काम करायचे, म्हणून ते कमी बोलायचे." खोटं. बोलतो मी, बघताय ना तुम्ही. ... "शेवटी शेवटी बाबांचे पाय गार पडत. मी मोजे घालायला गेले की आई ते माझ्या हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, तू अभ्यास कर, मी घालते." — हे पाय तिच्या आईचे, मॅडम. आणि मोजे हीच घालायची. काढून घ्यायला कुणी नव्हतं. मी होतो, पण मला तिच्या आईच्या पायांना हात लावायची — लोकरीचे मोजे होते, राखाडी. ... "खिडकी उघडा म्हणाले आणि उघडेपर्यंत गेले." हेही तिचंच. मला चार ओळींत उरकलंय. ठीक आहे, चारच कारणं असतील. "या दुःखाने मला खंबीर बनवले" — हे मास्तरचं, हे ओळखू येतंय. आणि हे खाली, शेवटचं —

"आई आता एकटीच पुढच्या खोलीत मशीनवर बसते. मी आत अभ्यास करते. मशीनचा आवाज थांबला की मी वाचायचं थांबते. ती दोरा ओवत असते. दोरा ओवला गेला की आवाज पुन्हा सुरू होतो आणि मी पुढची ओळ वाचते."

मशीन ते काय. तुमच्या मागे. चादरीखाली. चादर मीच टाकली, धूळ बसते म्हणून. त्या दिवसापासून कुणी काढली नाही.

नाही, मी ठीक आहे. तुम्ही डोळे पुसू नका हो, तुमचे एकदा पुसून झालेत, त्याचे गुणही दिलेत. मला एवढंच वाटतंय — मी म्हणत होतो तिनं मला मारलं, मला वाटलं तेवढंच. मारलं नाही हो. अदलाबदल केली. एकाला ठेवायचं म्हटलं तर कुणाला, ते तिनं लिहून दिलं, आणि तुम्ही दोघांनी तपासून बरोबरची खूण केलीत. मला कल्पना होती तशी. घरात जेवताना माणूस समोरच्या भिंतीकडे बघत जेवतो ना, त्यावरून कल्पना येते. पण लेखी वेगळं. आणि रागावू कुणावर? मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच उत्तर दिलं असतं. ह्याच्यापेक्षा वाईट अक्षरात दिलं असतं. फक्त माझी चाचणी कुणी घेतली नाही.

काय? स्वानुभव? म्हणजे तसा नियमच आहे — लिहिलेलं खरं असल्याची सही घेता तुम्ही? आणि खोटं निघालं तर पास रद्द? आणि आता तुम्हाला ते माहीत झालं, म्हणून तुम्हाला वर कळवणं भाग आहे? ... भाग आहे का विचारतोय.  हे बघा मॅडम, मी हात जोडत नाही, माझ्या हाताला गोंद आहे. मी एकच विचारतो, त्यात खोटं काय आहे? गार पाय खरे, मोजे खरे, खिडकी खरी. माणूस तेवढा चुकीच्या खाटेवर झोपवलाय. तुम्हाला वाचताना कळलं नाही म्हणून लाजू नका, मलाही ती रोज इथं माझ्यासमोर बसलेली दिसते नि कळलं नाही.

मग असं करा. तुम्ही इथं आलाच नाहीत. पत्ता सापडला नाही म्हणा, ह्या गल्लीत कुणालाच सापडत नाही, गिऱ्हाईकं रोज चुकतात. वाचून दाखवायला दुसऱ्या कुणाचा तरी घ्या, मेलेल्यांना तुमच्याकडे काय तोटा? आणि नाहीच टळलं, तर तिची आई आजारी आहे, येऊ शकत नाही असं सांगा. आजारी म्हणा. त्याच्यापुढे काही म्हणू नका. तेवढा एक दिवस तिच्या आईला राहू द्या त्यात. आणि ती खुर्ची काढू नका पहिल्या रांगेतली. — मी? मी कसा येणार? वडील वारलेत असं सभागृहाला सांगायचं आणि मी मागे बसून टाळ्या पिटायच्या? कुणी ओळखलं, कुणी विचारलं, पोरगी तिथंच लटकली. नाही, नाही. पदवीदानासाठी शर्ट शिवून आणलाय, तो लागेल कुठेतरी. ती म्हणेल, बाबा चला, तर मी सांगेन, हॉटेलवाल्याच्या खुर्च्या त्याच दिवशी द्यायच्यात. तिला पटेल. पटवून घेईल.

 सांगा ना, कळवणार की नाही — थांबा. फाटक. सायकलचा स्टँड ऐकलात? तीच. आज लवकर कशी — उठा, मागच्या दारानं जा. नाही, मागे काथ्याचे ढीग आहेत, पडाल. बसा तशाच. तुम्ही गिऱ्हाईक. खुर्चीचं विचारायला आलात, ही तुमची खुर्ची, हात ठेवा तिच्यावर. ते कागद पिशवीत टाका. सगळे नको. शेवटचं पान राहू द्या माझ्याकडे, मशीनचं. द्या म्हणतो ना. तुमच्याकडे नक्कल असेलच.

आलीस का गं? — कुणी नाही, गिऱ्हाईक. — तू आत जा, अभ्यास नसला तरी जा.

आणि मॅडम, आता मी खिळे तोंडात घेतोय. मला काही विचारू नका.